बिनतर्रीचा पाया

विदर्भात रश्शाची पहिली परीक्षा डोळ्यांनी होते. वाटी समोर आली की आधी तर्री बघायची. किती लाल आहे, किती जाड आहे, भाकरीचा तुकडा बुडवून वर काढला तर त्याला धरून राहते का. चंद्रपूर याला अपवाद नाही. भिवापुरी मिरचीचं शिवार इथून लांब नाही आणि तेलात नीट परतलेल्या तिखटाचा रंग ओळखणारे डोळे घरोघरी आहेत. अशा गावात एक पदार्थ मात्र असा आहे की त्याच्यावर तर्री दिसली तर रांधणारीचा हात चुकला असं म्हणतात. बोकडाच्या पायांचं सूप. बोलताना नुसतं ‘पाया’. कांदा-खोबरं भाजून केलेला मसालेदार पाया वेगळा, तो भाकरी चुरून खायचा. इथे बोलायचं आहे ते वाटीला तोंड लावून प्यायच्या पायाबद्दल.

तो कुणासाठी होतो हे ध्यानात घेतलं की त्याची सगळी घडण उलगडते. बाळंतीण, हाड मोडून खाटेवर पडलेला माणूस, हिवतापातून नुकता उठलेला, दात गेलेले आजोबा. यांतल्या कुणालाच चावायची ताकद नसते, जड काही पचवायची नसते, बऱ्याचदा खायची इच्छाही नसते. आणि बोकडाचा पाय म्हणजे तर चामडी, स्नायुबंध, कूर्चा आणि हाड. धडधाकट माणसालाही कच्च्या अवस्थेत दाद न देणारा ऐवज. त्यातून आजाऱ्याला गिळता येईल असं अन्न काढायचं. खाणाऱ्याच्या वाट्याचे चावण्या-पचवण्याचे कष्ट रांधणारीनं आधीच चुलीपाशी करून टाकायचे, ही या सूपामागची खरी कला. पुढे जे बारकावे येतील ते सगळे याच एका गोष्टीकडे जातात.

हाडांचा रस काढायची रीत जगात बऱ्याच ठिकाणी गाईबैलांच्या हाडांवर वाढली. व्हिएतनामी फोचा पाया तोच, कोरियातल्या सॉलाँगथांगचाही तोच. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात आजाऱ्याच्या उशाशी ‘बीफ टी’चा पेला असायचा, तो हाडांचा नसला तरी गाईबैलांच्या मांसाचाच. महाराष्ट्रात गोवधबंदीचा कायदा १९७६ चा. त्याच्या १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हैस त्याबाहेर राहिली, त्यामुळे जी घरं म्हशीचं मांस खातात तिथे तिच्या नळ्यांचा रस होतो. मोठ्या जनावराच्या मांसाभोवतीची मराठवाड्यातली पाकपरंपरा शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मोठ्या जिव्हाळ्यानं नोंदवून ठेवली आहे. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या चुलींवर तसं पुस्तक कुणी लिहिलं तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन. चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, मात्र आज बहुसंख्य घरांत हाडांचा रस म्हटला की बोकडाचे पायच आठवतात. तेव्हा वाचन त्यांचंच करू.

सुरुवात खाटकाच्या दुकानात होते. तिथे पाय दोन रूपांत मिळतात. एक, गरम पाण्यात घालून केस काढलेले, पांढरे. दुसरे, जाळावर धरून भाजलेले, तपकिरी-काळे. माझ्या एका काकूंच्या हातचा पाया मी वर्षानुवर्षं पीत आलो आहे. त्यांचं दुकानातलं वाक्य ठरलेलं असतं, “भाऊ, भाजलेले द्या, अन् माझ्यासमोर भाजा.” समोर भाजायला लावण्यात अविश्वास नाही. कातडी किती जळू द्यायची हे त्यांना ठरवायचं असतं. केस जळून गेले पाहिजेत, कातडीला फोड येऊन ती बदामी झाली पाहिजे, पण कोळसा होता कामा नये. कातडीच सूपाला चिकटपणा देते. ती जळून गेली तर चिकटपणा तिच्याबरोबर जातो आणि मागे फक्त कडवटपणा उरतो. पांढऱ्या पायांचं सूप वाईट लागतं असं नाही, पण त्याला खोली नसते. भाजलेल्या पायाच्या सूपात धुराचा अगदी पुसट वास शेवटपर्यंत राहतो, आणि मसाला जवळजवळ नसलेल्या या पदार्थात तो वासच अर्धा मसाला असतो.

घरी आल्यावरची साफसफाई सहसा कुणी वर्णन करण्याच्या लायकीची मानत नाही. मला तीच सगळ्यांत जास्त बघण्यासारखी वाटते. खुरांच्या टोप्या खाटकानं ठोकून काढलेल्या असतात. काकू सुरीच्या बोथट बाजूनं कातडी खरवडतात, काजळी निघून खालचा बदामी रंग उघडा पडेपर्यंत. मग दोन बोटांच्या बेचक्यात सुरीचं टोक घालतात. तिथे केसांचा एक लहानसा, वास मारणारा झुपका लपलेला असतो. जाळ तिथवर पोचत नाही, घाईतली नजरही पोचत नाही. ज्या पायाला उग्र वास येतो त्याचा दोष बहुतेक वेळा बोकडाच्या वयाचा नसतो, या बेचक्याचा असतो. शेवटी मूठभर कणीक आणि हळद लावून पाय खसाखसा चोळायचे आणि तीन पाण्यांनी धुवायचे. कणकेला काजळी आणि ओशटपणा चिकटून येतो. धुतलेला पाय हातात घेतला की तो कोरडा, स्वच्छ आणि किंचित खरखरीत लागतो. इथपर्यंत चूल पेटलेलीसुद्धा नसते आणि सूपाच्या चवीचा निम्मा निकाल लागलेला असतो.

नळी फोडण्याबद्दल मतभेद आहेत. काही जण सत्तुरानं पायाचे चार-चार तुकडे करून आणतात. त्यानं मगज लवकर सुटतो हे खरं. पण हाड ठेचलं गेलं की किरच सुटते, आणि आजाऱ्याच्या घशात किरच जाणं म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी. काकू पाय सांध्यातून वेगळा करतात आणि नळीला मधोमध एकच सरळ घाव घालायला सांगतात. हाड तडकतं पण तुटत नाही. पाच-सहा तासांत मगज त्या फटीतून थोडा-थोडा रसात उतरतो, आणि बराचसा नळीतच राहतो. तो नंतर कुणाला द्यायचा हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. एका घावात सूपाची स्निग्धता आणि सुरक्षितता दोन्ही साधणं, हे मला मोठ्या कारागिराचं लक्षण वाटतं.

आता पाणी. पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं. पाय बुडतील एवढ्या पाण्यात दहा मिनिटं उकळायचे, राखाडी फेस वर येऊ द्यायचा, ते सगळं ओतून पाय आणि गंज दोन्ही पुन्हा धुवायचे. गंज म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं. त्याचं तोंड पसरट नसल्यामुळे वाफ कमी उडते आणि तासन्‌तास शिजणाऱ्या पदार्थाला ते बरं पडतं. दुसरं पाणी थंड घालायचं. आठ पायांना तीन लिटरच्या आसपास. गरम पाणी घातलं तर वेळ वाचेल असं कुणालाही वाटेल, आणि तिथेच सूप गढूळ होतं. थंड पाणी हळूहळू तापताना मांसातली विरघळणारी प्रथिनं सावकाश बाहेर येतात, एकमेकांना धरून गोळा होतात आणि वर तरंगतात. मग ती डावानं अलगद उचलता येतात. एकदम उकळत्या पाण्यात तीच प्रथिनं बारीक-बारीक कणांत फुटून रसभर पसरतात आणि गाळण्यालाही सापडत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात काकू चुलीपासून हलत नाहीत. डाव आणि बाजूला पाण्याचं एक भांडं, एवढंच साहित्य. फेस उचलायचा, डाव पाण्यात बुडवायचा, पुन्हा उचलायचा. त्या अर्ध्या तासानं सूपाला जी निर्मळता येते ती नंतर कशानंच आणता येत नाही.

आणि मग आच, या पदार्थाचा सगळ्यांत समृद्ध भाग.

चामडी, स्नायुबंध आणि कूर्चा यांचा मुख्य घटक कोलॅजन. तीन धागे पीळ घालून वळलेला दोर, असं त्याच्या रेणूचं रूप शास्त्रज्ञ सांगतात. ओल्या आणि दीर्घ उष्णतेत तो पीळ सुटतो, धागे मोकळे होऊन पाण्यात विरघळतात, आणि त्यालाच आपण जिलेटिन म्हणतो. कोवळ्या मांसाला फार वेळ लागत नाही, पण आयुष्यभर डोंगर-जंगल चालून वळलेल्या पायातले स्नायुबंध सहजी सुटत नाहीत. त्यांना उकळीच्या जरा खालची आच आणि पाच-सहा तास द्यावेच लागतात. घाईनं मोठा जाळ केला तर पीळ थोडा लवकर सुटेलही, पण खळखळत्या पाण्यात चरबीचे बारीक थेंब होऊन जिलेटिनच्या आधारानं ती रसात कायमची मिसळते. सूप दुधाळ होतं. कोरियात मुद्दाम हेच करतात. सॉलाँगथांगचा पांढरा रंग दुधाचा नसतो, जोरदार उकळीचा असतो. तो त्यांचा रसविचार, आणि तो थोर आहे. पण ज्याचं यकृत हिवतापानं थकलं आहे, त्याला चरबी रसात मिसळून पाजणं आमच्या काकूंना पटत नाही. त्यांना ती वर तरंगलेली हवी, म्हणजे उचलून टाकता येते.

म्हणून त्यांची उकळी बघण्यासारखी असते. इकडच्या मालगुजारी तलावात संध्याकाळी मासा खालून श्वास सोडतो तसा एकेक बुडबुडा, तोही गंजाच्या एकाच कडेला. चुलीवर हे साधायचं तर जाड लाकडाचं टोक मागे ओढायचं, पुढच्या निखाऱ्यांवर राख पसरायची आणि तासाभरानं एक काडी सरकवायची. गॅसवर सर्वांत लहान बर्नर आणि त्याच्यावर तवा, तव्यावर गंज. खाणकामगारांच्या वस्त्यांत पूर्वी दगडी कोळशाच्या शेगड्या घरोघरी असत. कोळसा पेटताना धूर ओकतो म्हणून शेगडी आधी अंगणात ठेवायची आणि लाल झाली की आत आणायची. एकदा लाल झालेला दगडी कोळसा रात्रभर एकसारखी धग देत राहतो. रात्रपाळीवरून पहाटे परतणाऱ्या माणसासाठी रात्री चढवलेला पाया त्या धगीवर आपोआप तयार व्हायचा. खाण, शेगडी आणि सूप यांचं असं जुळून आलेलं वेळापत्रक दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कुकर निषिद्ध आहे का? अजिबात नाही. किंबहुना कुकरचा मूळपुरुष हाडांसाठीच जन्मला. देनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बंद झाकणाचं जे यंत्र मांडलं, त्याचं काम हाडं मऊ करून त्यांतला रस काढणं हेच होतं. आजच्या कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं आणि पाच तासांचं काम तासाभरात होतं. फक्त एक गोष्ट सांभाळायची. शिट्टी होऊ द्यायची नाही. शिट्टीबरोबर आतला दाब एकदम सुटतो, पाणी उसळतं आणि चरबी घुसळली जाते. दाब भरला की आच पार बारीक करायची आणि शेवटी कुकर आपला आपण निवू द्यायचा. शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या आपल्या सगळ्यांना ही सूचना उलटी वाटते, पण एकदा करून बघितल्यावर रसाचा रंगच तिची साक्ष देतो.

मसाल्याबद्दल लिहायचं म्हणजे काय-काय नाही तेच लिहावं लागेल. खोबरं नाही, खसखस नाही, लाल तिखट नाही, फोडणीच नाही. सालासकट एक कांदा निखाऱ्यात भाजून अख्खा सोडायचा. त्याच्या जळक्या सालीनं रसाला मधाळ सोनेरी छटा येते. लसणाचा एक अख्खा गड्डा, मुळाकडून कापून. ठेचलेलं आलं. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या आणि धुतलेली मुळं, पानं नंतर. चार लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तेजपान आणि चिमूटभर दगडफूल, हे सगळं जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत. ही पुरचुंडी शेवटच्या तासातच गंजात पडते आणि ठरल्या वेळी बाहेर निघते. लवंग सहा तास उकळली तर तोंड बधिर करणारा कडवटपणा येतो. हळद वायगावची मिळाली तर उत्तम. वर्धा जिल्ह्यातली ही हळद रंगानं इतकी दाट की पाव चमचा पुरे होतो. मीठ अगदी शेवटी, कारण तीन लिटरचा रस आटून दोनवर येतो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी खारट ठरतं. मिरी कुटून थेट वाटीवर. यातला प्रत्येक जिन्नस पायाच्या चवीच्या मागे उभा राहतो. सावजीचे बत्तीस जिन्नस तोलणाऱ्या मुलखात इतका संयम दाखवायला धैर्य लागतं.

सूप झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. काकू अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये थेंबभर रस घेतात, जरा निवू देतात आणि बोटं दाबून सोडवतात. बोटं सुटताना किंचित अडली पाहिजेत. दुसरी खूण हाडाची. खुराजवळची लहान हाडं डावाच्या स्पर्शानं आपोआप वेगळी झाली पाहिजेत. तिसरी खूण वाटीत दिसते. वर चरबीचे मोजके, मोठे, गोल डोळे. त्यांच्यातून खालचा तळ दिसतो. बारीक-बारीक असंख्य डोळे दिसले तर उकळी जोरात होती असं समजावं. मी पाहुणा म्हणून कुठेही पाया प्यालो तर आधी हे डोळे बघतो आणि रांधणाऱ्याच्या स्वभावाचा अंदाज बांधतो.

गाळलेला रस थंडीत बाहेर ठेवला की सकाळी थरथरणारा गोळा होतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा-कुरखेड्याकडे जानेवारीच्या रात्री यासाठी पुरेशा गार असतात. चरबी वर पांढरी साय धरून बसते, ती अलगद उचलून घ्यायची. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६–४७ अंशांवर जातो तेव्हा कितीही चांगलं सूप फ्रिजबाहेर गोठणार नाही, कारण जिलेटिनचा गोळा शरीराच्या तापमानाच्या थोडा खालीच वितळतो. त्याच गुणामुळे गोठलेल्या सूपाचा चमचा जिभेवर ठेवला की तो चावावा लागत नाही, स्वतःच रस होतो. म्हणून हा दिवाळी ते होळीचा पदार्थ. पावसाळ्यात त्याची जागा धानाच्या बांधावरचे खेकडे घेतात. ते कवचासकट खलात कुटायचे, पाण्यात कालवून कापडातून गाळायचे आणि मंद आचेवर हलवत राहायचं. गाळण्यानं कवचाची कष्टाची बाजू वगळायची आणि सत्त्व तेवढं घ्यायचं, हा विचार दोन्हीकडे एकच.

या सूपानं प्रकृतीला नेमकं काय मिळतं? इथे मला पायाची बाजू प्रामाणिकपणे मांडायची आहे, कारण त्याच्यावर प्रेम करणारेच त्याच्याबद्दल भलतं बोलतात. हाडांतून निघालं म्हणून त्यात चुना ओतप्रोत असेल ही समजूत चुकीची आहे. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फार थोडं उतरतं. वाटीभर दूध त्याहून कितीतरी जास्त देतं. प्यालेलं कोलॅजन सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही, आतड्यात त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते स्वतःच्या गरजेनुसार वापरतं. जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. पॅरिसमध्ये गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रोग्यांना केवळ हाडांच्या जिलेटिनवर पोसता येईल असं एकेकाळी मानलं जात होतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माझांदी यांच्या समितीनं १८४१ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांनंतर त्या समजुतीला पूर्णविराम दिला. सिकलसेल असो की हिवताप, या दोन्हींचं ओझं वाहणाऱ्या गडचिरोलीत औषधाची जागा वाटीभर सूपानं घेता येणार नाही. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं.

मग उरतं काय? पुष्कळ. तापानं सुकलेल्या शरीराला पाणी आणि मीठ मिळतं, तेही अशा रूपात की ओकारी येत नाही. ग्लायसीन आणि प्रोलिन ही अमिनो आम्लं भरपूर मिळतात. ऊब आणि वासानं मेलेली भूक जागी होते, आणि आजारातून उठणाऱ्याला भूक परत येणं हे निम्मं बरं होणं असतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात क्षीण झालेल्यांसाठी मांसरसाची थोरवी गायली आहे, आणि बोकडाचं मांस फार थंड नाही, फार जड नाही, माणसाच्या शरीरधातूंना जवळचं म्हणून पुष्टी देणारं, असं म्हटलं आहे. पाकिटातल्या सूपाशी तुलना केली तर घरच्या पायाचा मोठा गुण मिठाचा. ते हातात असतं, रक्तदाबाच्या माणसासाठी वाटी वेगळी काढता येते.

आणि जिलेटिनची उणीव आमचं ताट आपणहून भरून काढतं. या भागात पाया पिऊन झाला की उरलेल्या रसात मऊ भात कालवतात. पूर्वेकडे, नागभीड-ब्रह्मपुरीपासून पुढे, तो भात बहुधा एचएमटीचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या थोड्याशा शेतात निवडून-निवडून वाढवलेलं हे बारीक वाण आज कुठल्या कुठे पोचलं आहे. त्याचं शीत रस पटकन शोषतं आणि तरी मोडत नाही. भातात आणि शेजारच्या वरणात ट्रिप्टोफॅन असतं, म्हणजे वाटीत कमी पडलेलं थाळीत मिळतं. वरून लिंबू, तेही गंजात नाही, वाटीतच. उकळीत क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं आणि सालीचा वासही उडून जातो. शरीराला स्वतःचं कोलॅजन विणायला हेच जीवनसत्त्व लागतं, तेव्हा पायाबरोबर लिंबू पिळणाऱ्या आजीनं काय साधलं ते बघण्यासारखं आहे. गडचिरोलीकडे हिवाळ्यात जंगलातला आवळा येतो; त्याची एक मिठातली फोड लिंबाचं काम अधिक नेटानं करते. आवळ्याच्या तुरटपणानंतर पायाचा घोट गोडसर लागतो, हा अनुभव ज्यानं घेतला नाही त्यानं या हिवाळ्यात घ्यावा.

वाढण्यालाही क्रम आहे. आजाऱ्याची वाटी आधी, गाळलेली, चरबी काढलेली, मीठ कमी, आणि अर्धीच भरलेली. भरलेली वाटी बघून त्याला दडपण येतं. अर्धी संपवून त्यानं पुन्हा मागावी, यात काकूंना सुख असतं. मग मुलांच्या वाट्या, त्यांत सुटलेल्या कातडीचे पारदर्शक तुकडे. कातडी दातांना न लागता घसरली पाहिजे आणि ओठ एकमेकांना हलके चिकटले पाहिजेत. तडकवलेली नळी दात गेलेल्या आजोबांची. काकू ती ताटाच्या कडेवर उलटी धरून मनगटानं एकदाच ठोकतात, आणि मगज अख्खा निघून मऊ भातावर पडतो. वर मिरीची चिमूट, लिंबाचा एक थेंब, आणखी काही नाही. उरलेली हाडं टाकायची नाहीत. त्यांना पुन्हा दीड लिटर पाणी घालून तासभर मंद ठेवायचं आणि त्या पातळ रसात दुसऱ्या दिवशीची तुरीची डाळ शिजवायची. त्या डाळीला तेल निम्मंच लागतं, आणि फोडणी मात्र लाल मिरचीची, चांगली झणझणीत द्यायची.